गाळ्यातला गाळ

आमचा प्लेटिंगचा, म्हणजे धातूच्या मालावर निकेल-क्रोमचा मुलामा चढवण्याचा, गाळा साकीनाक्याच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तळमजल्यावर आहे. इस्टेटीच्या मागच्या भिंतीला लागून एक उघडा नाला वाहतो आणि तो पुढे मिठी नदीला मिळतो. विहार आणि पवई तलावांच्या ओसंडणाऱ्या पाण्यातून सुरू होणारी ही नदी जेमतेम १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीत उतरते. परंतु तेवढ्या वाटेत वस्त्यांचे सांडपाणी, गोठ्यांचे शेण, पिंपे धुणाऱ्यांचे तेल आणि आमच्यासारख्या प्लेटिंगवाल्यांचे रंगीत पाणी हे सगळे तिच्या पदरात पडत आले आहे. मी वाणिज्य शाखेची पदवीधर. बाबांच्या गाळ्यात आले ती हिशेब लिहायला. जीएसटीची विवरणपत्रे भरता भरता मी सांडपाण्याच्या टाक्यांपर्यंत कशी पोहोचले, आणि वाटेत काय काय चुकले, ते येथे लिहीत आहे.

आमच्याकडे मुख्यतः पितळी नळांचे आणि फर्निचरच्या हँडलांचे काम येते. आधी बफिंग (चाकावर घासून चकचकीत करणे), मग साबणाच्या गरम पाण्यात तेल काढणे, मग ॲसिडची बुडी, त्यानंतर निकेल आणि सर्वांत शेवटी क्रोम. क्रोमचा थर मायक्रॉनच्या अंशाएवढाच असतो. आपण ज्याला चकाकी म्हणतो तिच्याखाली खरे संरक्षण निकेलचे असते. प्रत्येक टाकीतून माल बाहेर काढला की तो पाण्यात धुवावा लागतो, कारण आधीच्या टाकीतले द्रावण पुढच्या टाकीत गेले तर पुढची टाकी नासते. म्हणजे प्लेटिंगच्या धंद्यात सांडपाणी मुख्यतः तयार होते ते या धुण्यातून. जिगवर, म्हणजे माल टांगायच्या चौकटीवर, लावलेल्या वीस-पंचवीस नळांना चिकटून जे द्रावण बाहेर येते, तेच धुणीच्या पाण्यात उतरते आणि तेच पुढे गटारात जाते.

बाबांच्या काळी ते तसेच जात असे. यात लपवण्यासारखे काही नाही आणि मिरवण्यासारखे तर नाहीच. पिवळे पाणी दिसले की क्रोमची लाइन चालू आहे, हिरवट दिसले की निकेलची, असा इस्टेटीतला हिशेब होता. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आमच्या गाळ्यात छातीएवढे पाणी होते, आणि क्रोमिक ॲसिडचे एक अर्धे भरलेले पिंप त्या पुरात कुठे वाहून गेले ते शेवटपर्यंत कळले नाही. मी तेव्हा शाळेत होते. बाबा दोन दिवसांनी घरी आले ते पायांना फोड घेऊन. त्या फोडांचे कारण पुराचे घाण पाणी, असे आम्ही सर्वांना सांगितले. ते आमचेच पाणी होते, हे बाबांनी मला फार नंतर सांगितले.

काही वर्षांपूर्वी संमतिपत्राच्या नूतनीकरणाची वेळ आली. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याखाली अशा उद्योगाला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, आणि प्लेटिंग हा लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणकारी, श्रेणीतला उद्योग आहे. पाण्याचा नमुना नेण्यात आला आणि तो नापास झाला. षट्संयुजी क्रोमियमची (क्रोमियमच्या विषारी रूपाची) मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम, निकेलची ३ मिलिग्रॅम. आमचे आकडे त्यांच्या कितीतरी पुढे होते. बाबांना वाटले, पाणी थोडे वाढवावे, म्हणजे पातळ होऊन जाईल. मी त्या रात्री वहीत आकडेमोड केली. क्रोमच्या बाथमध्ये, म्हणजे मुलाम्याच्या टाकीतल्या द्रावणात, लिटरला साधारण २५० ग्रॅम क्रोमिक ॲसिड असते, म्हणजे धातू म्हणून १३० ग्रॅम क्रोमियम. ते ०.१ मिलिग्रॅमवर आणायचे तर बाथच्या एका लिटरमागे १३ लाख लिटर पाणी हवे. दहा हजार लिटरचे एकशे तीस टँकर, एका लिटरसाठी! दुसऱ्या दिवशी तो कागद मी बाबांसमोर ठेवला. ते बराच वेळ त्याकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "मग करून टाक जे करायचे ते."

करून टाकले, आणि ते पहिले काम फसले. एका सल्लागाराने आम्हाला निळ्या रंगाचा, दिसायला देखणा असा तयार संच विकला. गाळ्यातले सगळे पाणी एका खड्ड्यात जमवायचे, तिथून पंपाने संचात चढवायचे, त्यात चुना, तुरटी आणि पॉली (गाळाचे पुंजके जुळवणारी पावडर) टाकायची, गाळ खाली बसला की वरचे पाणी सोडायचे, अशी त्याची सोपी रीत होती. गाळ बसतही असे. परंतु वरचे पाणी फिकट पिवळेच राही, आणि ते पिवळे आहे याचा अर्थ आम्हाला कळत नव्हता. चुना वाढवला, तरी पिवळे. पॉली वाढवली, तर पाणी चिकट झाले. शेवटचा हप्ता दिल्यानंतर सल्लागाराने फोन उचलणे बंद केले.

माझा मावसभाऊ एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. दादा एका रविवारी गाळ्यावर आला, खड्ड्यात डोकावला आणि पहिलाच प्रश्न त्याने असा विचारला की हे सगळे पाणी एकत्र कोणी केले. मला तो प्रश्न विचित्र वाटला, कारण सांडपाणी म्हटले की ते एकत्रच असायचे, अशी माझी समजूत होती. त्यावर त्याने पॅकिंगच्या टेबलावर काचेचे सहा ग्लास मांडले आणि पुढचे दोन तास जे दाखवले, त्यातून मला या विषयातले निम्मे कळले.

पहिल्या ग्लासात त्याने फक्त क्रोमच्या धुणीचे पाणी घेतले. ते संत्र्याच्या सालीसारखे पिवळे-केशरी होते. त्यात चुन्याची निवळी टाकली. रंग थोडा उतरला, पण खाली काहीच बसले नाही. षट्संयुजी क्रोमियम चुन्याला दाद देत नाही, ते पाण्यात विरघळलेलेच राहते. दुसऱ्या ग्लासात त्याने आधी सल्फ्युरिक ॲसिडचे थेंब टाकून पीएच (पाणी आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा; सातच्या खाली आम्ल, वर अल्कली) अडीचच्या खाली आणला आणि मग सोडियम मेटाबायसल्फाइटची (आम्ही त्याला नुसते मेटा म्हणतो) चिमूट टाकून काचेच्या कांडीने ढवळले. केशरी रंग आधी मळकट झाला, मग शेवाळी, आणि थोड्या वेळात सगळा ग्लास स्वच्छ निळसर हिरवा दिसू लागला. दिवाळीच्या फटाक्यांनंतर हवेत राहतो तसा गंधकाचा वास टेबलाभोवती पसरला. आता ते क्रोमियम त्रिसंयुजी, म्हणजे गाळ होऊन बसू शकणारे, झाले होते. त्याच ग्लासात त्याने कॉस्टिकचे, म्हणजे तीव्र अल्कलीचे, थेंब सोडले, पीएच साडेआठपर्यंत नेला, आणि दूध फाटावे तसे हिरव्या पाण्यात करडे-हिरवे पुंजके तयार झाले. चहा पिऊन येईपर्यंत ते तळाशी बसले होते आणि वरचे पाणी नळाच्या पाण्यासारखे दिसत होते.

तिसऱ्या ग्लासात निकेलचे पाणी होते. येथे अडचण उलट दिशेची निघाली. निकेल साडेआठला पुरते बसत नाही, त्याला पीएच दहाच्या वर लागतो. आणि तितक्या वर गेले की क्रोमियमचा बसलेला गाळ पुन्हा थोडाथोडा विरघळू लागतो. म्हणजे दोन्ही पाणी एकत्र केले की एकाला बसवावे तर दुसरे उठते. चौथ्या ग्लासात त्याने निकेलच्या पाण्यात आमचे साबणाचे पाणी मिसळले, आणि मग पीएच कितीही चढवला तरी गाळ धरेना. तेल काढण्याच्या पावडरीत धातूला धरून ठेवणारी द्रव्ये असतात; ती निकेलला सोडत नाहीत. आमच्या निळ्या संचात वर्षभर हेच चालले होते. आधी सगळी पाणी एकत्र करून आम्ही गुंता करत होतो आणि मग तो सोडवण्यासाठी रसायने विकत आणत होतो.

त्यानंतरचा खर्च यंत्रावर झाला नाही, तो गवंड्यावर झाला. गाळ्याची फरशी फोडून आम्ही एका पन्हळीऐवजी तीन पन्हळी काढल्या: एक क्रोमची, एक निकेलची, एक साबण आणि ॲसिडची. तिघींचे पाइप वेगळ्या रंगांचे, तिघींच्या टाक्या वेगळ्या. काम अकरा दिवस चालले. त्या अकरा दिवसांत गाळा बंद होता आणि दोन जुनी गिऱ्हाइके कायमची गेली. निळा संच भंगारात गेला.

खरा झगडा मात्र आमच्या जुन्या कारागिराशी, मिस्त्रीकाकांशी, झाला, आणि तो पाण्याच्या शुद्धीकरणाबद्दल नव्हता, पाणी कमी वापरण्याबद्दल होता. दादाचे म्हणणे असे की जे पाणी घाणच होत नाही त्याला शुद्ध करावे लागत नाही. धुणीची एकच टाकी असेल आणि चिकटून आलेले द्रावण हजारपट पातळ करायचे असेल, तर एक लिटर द्रावणामागे हजार लिटर पाणी वाहते ठेवावे लागते. तीच धुणी दोन टाक्यांत केली, माल पुढे आणि पाणी मागे असा उलटा प्रवाह ठेवला, तर साधारण बत्तीस लिटर पुरतात. तीन टाक्यांत केली तर दहा. माझा यावर विश्वास बसेना, म्हणून मी पुन्हा वही काढली, आणि हिशेब बरोबर निघाला.

मिस्त्रीकाकांचे म्हणणे वेगळे होते. "ताई, जिग टाकीवर धरून ठेवायचा म्हणजे हात भरून येतो, आणि माल सुकला तर डाग पडतात. शिवाय दिवसाचे नग कमी होतील, त्याचे काय?" तीस वर्षे या टाक्यांवर उभ्या राहिलेल्या माणसाला उत्तर देण्याची माझी पात्रता नव्हती. म्हणून आम्ही टाकीच्या वर एक आडवा पाइप बसवला, ज्यावर जिग टांगून सोडता येईल. जिग वर काढायचा, पाइपाला अडकवायचा, दहा आकडे मोजायचे आणि मगच पुढे न्यायचा. निकेलच्या टाकीनंतर एक साचलेल्या पाण्याची टाकी ठेवली, जिच्यात पाणी वाहत नाही. निकेलचा बाथ पंचावन्न ते साठ अंशांवर चालतो, त्यामुळे रोज त्याचे बरेच पाणी वाफ होऊन जाते. ती घट आम्ही नळाच्या पाण्याऐवजी या साचलेल्या टाकीतल्या पाण्याने भरू लागलो. गटारात जाणारे निकेल त्यामुळे आपसूक बाथमध्ये परतू लागले. तीन महिन्यांनी निकेल सल्फेटची खरेदी कमी झाल्याचे खातेवहीत दिसले, तेव्हा मिस्त्रीकाका फक्त "हं" म्हणाले. परंतु त्यानंतर नवा पोऱ्या जिग लवकर उचलू लागला की "दहा मोज!" असे ओरडण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. नग कमी झाले का, तर झाले, पण थोडे.

आता रोजचे काम असे चालते. दिवसभराचे क्रोमचे पाणी टाकीत जमते आणि संध्याकाळी पाचनंतर त्याचा घाण काढला जातो. आमच्याकडे एका खेपेला घाण म्हणतात, तेलाच्या घाण्यावरून आलेला हा शब्द असावा, पण सांडपाण्याला तो भलताच शोभतो. ॲसिडने पीएच दोन ते अडीचवर आणायचा, मेटा टाकायचा, अर्धा तास ढवळायचे. एका क्रोमियमला सिद्धांताने पावणेतीन पट मेटा पुरतो. प्रत्यक्षात आम्ही साडेतीन पट धरतो. त्याहून जास्त टाकला तर गाळ्यात थांबवत नाही आणि पाण्याचा सीओडी, म्हणजे ते पाणी किती प्राणवायू ओढेल याचे माप, उगीच वाढतो. मग कॉस्टिक, मग थोडी पॉली, मग रात्रभर विश्रांती. निकेलच्या पाण्याला मेटा लागत नाही, परंतु त्याचा पीएच चढवावा लागतो. साबणाचे पाणी आम्ही तेल वेगळे काढून स्वतंत्र बसवतो.

एक प्रसंग सांगायलाच हवा. निकेलचा घाण साडेदहा पीएचवर नेऊन ठेवला होता, गाळ सुंदर बसला होता. बाहेर सोडण्याच्या पाण्याचा पीएच मात्र सहा ते नऊ यांच्या दरम्यान असावा लागतो. त्या दिवशी मी नव्हते, आणि पोऱ्याने पीएच खाली आणण्यासाठी ॲसिड गाळासकट टाकीतच ओतले. पीएच आठ झाला, कागदावर रंग बरोबर आला, आणि खाली बसलेल्या निकेलपैकी बरेच पुन्हा पाण्यात उतरले. आधी गाळ वेगळा करायचा, स्वच्छ पाणी दुसऱ्या टाकीत घ्यायचे, आणि तिथे पीएच उतरवायचा, हा क्रम मी तोंडी सांगितला होता. भिंतीवर लिहिला नव्हता. चूक माझी. आता तो क्रम ऑइलपेंटने, माझ्या अक्षरात, टाकीच्या वरच लिहिलेला आहे.

सायनाइडबद्दल थोडक्यात लिहिते, कारण आमच्याकडे ते आता नाही. जस्ताच्या ओतीव मालावर आधी सायनाइडच्या बाथमधून तांबे चढवावे लागते. ते काम बाबांनी पूर्वी केलेले आहे. त्याचे पाणी भरपूर अल्कली ठेवून हायपोक्लोराइटने मारावे लागते, आणि चुकून ॲसिडशी गाठ पडली तर जीवघेणा वायू निघतो. आमच्या एवढ्याशा गाळ्यात क्रोमचे ॲसिड आणि सायनाइड हाताच्या अंतरावर होती. तीन पन्हळी काढताना बाबांनी ते काम स्वतःहून सोडले. चौथी पन्हळ मी काढू दिली नसती, हेही खरे.

आता गाळाकडे येते. गाळा आणि गाळ या दोन शब्दांत एका कान्याचा फरक आहे, आणि आमच्या धंद्यात तेवढेही अंतर उरत नाही. शुद्धीकरणाने धातू नाहीसा होत नाही. तो पाण्यातून निघून गाळात येतो, एवढेच. हे मला सुरुवातीला कोणी सांगितले नव्हते, आणि पहिल्या महिन्यात टाक्यांच्या तळाशी हिरवट लापशी साचत गेली तेव्हा मी खरोखर गोंधळले होते. एक हाताने फिरवायचा छोटा फिल्टर प्रेस घेतला. त्याच्या कापडी पडद्यांमधून पाणी निथळते आणि आत ओलसर मातीसारख्या वड्या राहतात. प्रेस उघडताना त्या वड्या कापडाला घट्ट चिकटलेल्या असतात; लाकडी पट्टीने खरवडून पाडाव्या लागतात, धातूच्या पट्टीने कापड फाटते. पावसाळ्यात त्या वाळत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या पोत्यांचे वजन जवळजवळ पाण्याचेच असते आणि विल्हेवाटीचे पैसे वजनावर मोजावे लागतात, म्हणून पंख्याखाली गाळ वाळवणारी बहुधा मी एकटीच बाई असेन.

ही पोती घातक कचऱ्यात मोडतात. २०१६ च्या नियमांनुसार ती नव्वद दिवसांपेक्षा जास्त जागेवर ठेवता येत नाहीत; छपराखाली, पक्क्या जमिनीवर, चिठ्ठी लावून ठेवावी लागतात आणि मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला याचे नोंदपत्र) भरून अधिकृत गाडीतूनच पाठवावी लागतात. आमची पोती तळोज्याच्या सामाईक केंद्रात जातात, जिथे ती स्थिर करून अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरतात. भंगारवाल्यांपैकी एकाने सुरुवातीला पोते शंभर रुपयांना "कुठेतरी" टाकून देण्याची तयारी दाखवली होती. ते कुठेतरी म्हणजे कुठे, हे विचारायची गरज नव्हती. आमच्या मागच्या भिंतीपलीकडेच ते होते.

आमच्या गाळ्यामुळे मिठी स्वच्छ झाली, असे म्हणण्याइतकी मी भाबडी नाही. कालिन्याच्या बाजूला पुलावर उभे राहिले तर नदी आजही काळीच दिसते, कारण तिच्यात येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा घरगुती सांडपाण्याचा आहे. मात्र घरगुती सांडपाणी आणि आमचे पाणी यांत एक फरक आहे. मैल्यातली घाण जिवाणू खाऊ शकतात, आणि सांडपाण्याची मोठी केंद्रे त्याच तत्त्वावर चालतात. क्रोमियम आणि निकेल कोणताही जिवाणू खाऊन संपवत नाही. ते नदीच्या गाळात बसून राहतात, दरवर्षी पावसाळ्याआधी तो गाळ उपसला जातो, आणि धातू त्याच्याबरोबर आणखी कुठेतरी जातात. आमच्या हिश्श्याची पोती तळोज्याला जातात, त्यांच्या पावत्या फायलीत आहेत, इतके मी सांगू शकते.

रोज पाणी सोडण्याआधी मिस्त्रीकाका स्वतः तपासणी करतात. परीक्षानळीत पाणी घ्यायचे, दोन थेंब ॲसिड, दोन थेंब डायफिनाइल कार्बाझाइड. षट्संयुजी क्रोमियम शिल्लक असेल तर पाणी जांभळे होते. त्यांना चाळिशी लागली आहे, म्हणून ते नळी ट्यूबलाइटसमोर, पांढऱ्या कागदावर धरतात. गेल्या आठवड्यात त्यांनी मला हाक मारली. नळी मला स्वच्छ दिसत होती. ते म्हणाले, "नीट बघा ताई, बुडाशी बघा." कागदावर तिरपी धरली तेव्हा जास्वंद धुतलेल्या पाण्याइतका फिकट जांभळा रंग दिसला. साडेसात वाजले होते, पोऱ्यांची शेवटची बस जायची होती. झडप त्या रात्री उघडली नाही. सकाळी पाहिले तर पीएच मीटरचा काटा घसरलेला होता; मेटा टाकताना अडीच दाखवलेला पीएच खरा साडेतीन होता. मीटर जुळवून घेतला, ॲसिड घातले, मूठभर मेटा घातला आणि अर्धा तास ढवळत उभे राहिलो.